दुपारची बाटली आणि आपण: नवी मुंबईत पाळणाघरं चालवणाऱ्या ताई-काकूंना खुलं पत्र

दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आपापल्या घरात, गाळ्यात, सोसायटीच्या तळमजल्यावर पाळणाघर, बालवाडी नाहीतर प्ले ग्रुप चालवणाऱ्या माझ्या सगळ्या ताई-काकूंना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. कोपरखैरण्यात एकोणीस वर्षं घरातच पाळणाघर चालवते. सध्या चौदा मुलं आहेत. सगळ्यांत धाकटं दहा महिन्यांचं, सगळ्यांत मोठी पहिलीतून सुटून दुपारी येणारी. कुणाची आई महाप्याला जाते, कुणाची ऐरोलीला कंपनीत. एकीचे बाबा पहाटे तीनला बाजार समितीत कामावर जातात. एकीची आई नर्स आहे, तिच्या पाळ्या बदलल्या की आमचंही वेळापत्रक बदलतं. तुमच्याकडेही असंच असणार. सकाळी आठला मूल आपल्या हातात येतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला घरी जातं. त्याच्या जागेपणीचे बहुतेक तास आपल्याकडे जातात, म्हणून हे पत्र आई-वडिलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

विषय मुलांच्या किडलेल्या दातांचा आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे ओम होता. नाव बदललं आहे, बाकी सगळं घडलं तसंच सांगते. तेव्हा तो तीन वर्षांचा. जेवायला बसला की घास गालात धरून बसायचा. पोळी नको, भाकरीचं तर नावच नको. वरणात अगदी कुस्करून दिलं तर दोन घास जायचे. मी त्याला दटावत असे, ‘‘चाव, गीळ, सगळ्यांची ताटं झाली बघ.’’ मला वाटायचं, लाडावलाय. त्याच्या आईलाही तसंच वाटायचं. वजन वाढत नाही म्हणून तिनं दुधाच्या बाटलीत साखरेचा आणखी एक चमचा वाढवला. पोराला चावताच येत नव्हतं, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही. तीन वर्षांचं मूल ‘दाढ दुखते’ असं म्हणत नाही. न दुखणारं तोंड कसं असतं हेच त्याला आठवत नसेल, तर दुखतंय हे तरी त्यानं कशावरून ओळखावं?

एक दिवस दुपारच्या झोपेतून उठला तो उजवा गाल टरारून सुजलेला आणि अंग तापलेलं. आई धावत आली, आम्ही दोघी त्याला घेऊन मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. नऊ दात किडले होते. चार दाढांची कीड नसेपर्यंत पोचली होती. एवढ्या लहान मुलाला खुर्चीवर बसवून इतकं काम होणार नाही, पूर्ण भूल देऊनच करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. जो खर्च सांगितला तो त्या घराच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढा होता.

मग डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, ‘‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ह्याच्या तोंडात काय काय जातं, वेळेसकट सांगा.’’ आईनं सांगितलं, मी सांगितलं, त्या लिहीत गेल्या. सकाळी सातला घरी बाटली. सव्वाआठला माझ्या दारात रडू नये म्हणून हातात बिस्कीट. दहाला गूळ घातलेलं नाचणीसत्त्व. अकराला प्रार्थनेनंतर खडीसाखर, कुणाचा वाढदिवस असला तर चॉकलेट. साडेबाराला जेवण. सव्वाला झोपवताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. चारला चॉकलेट पावडरचं दूध. पाचला पुन्हा बिस्कीट. साडेसहाला ‘आई येईलच हं’ म्हणत एक गोळी. सव्वासातला आईच्या पर्समधला खाऊ. साडेनऊला टॉनिकचं गोड सिरप. दहाला पुन्हा बाटली. जेवणं वगळून डॉक्टरांनी आकडे घातले, अकरा झाले. त्यातले सात माझ्या घरातले होते.

तो कागद मी जपून ठेवला आहे.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की गोड जास्त खाल्लं की दात किडतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात गेलं आणि किती वेळ तिथे राहिलं, याला जास्त महत्त्व आहे. आपण ‘कीड लागली’ म्हणतो म्हणून कितीतरी जणांना खरोखरचा किडा असतो असं वाटतं. असतात ते जंतू, डोळ्यांना न दिसणारे. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात ते राहतात. साखर आली की ते ती खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरची आम्लता इतकी वाढते की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. शास्त्रीय भाषेत पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की हे सुरू होतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, पातळ करते आणि गेलेली खनिजं थोडी थोडी परत दातात भरते. याला अर्धा तास, कधी तासही लागतो. म्हणजे दात दिवसभर झिजतात आणि दिवसभर भरूनही निघतात. भरायला वेळच मिळाला नाही, तर खड्डा पडतो.

आता ओमचा कागद पुन्हा वाचा. अकरा वेळा म्हणजे अर्ध्या तासाच्या हिशेबानं साडेपाच तास त्याचे दात आम्लात होते. त्यातल्या दोन वेळा तर झोपेतल्या, आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते. झोपलेल्या मुलाच्या तोंडातलं गोड दूध वरच्या पटाशीच्या दातांभोवती साचून राहतं. म्हणून बाटलीची कीड आधी वरच्या पुढच्या दातांना लागते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, तिथेच लाळेच्या ग्रंथीही असतात, म्हणून ते बहुतेक वेळा वाचतात. ओमचे खालचे चारही दात स्वच्छ पांढरे होते. मला तेव्हा ते कोडंच वाटलं होतं.

वेळेच्या या हिशेबाचा सर्वांत मोठा पुरावा कुठून आला, हे नंतर वाचलं आणि मन विषण्ण झालं. स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या, मतिमंद रुग्णांच्या रुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात तिथल्या रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले. जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा दात फारसे किडले नाहीत. ज्यांना दोन जेवणांच्या मधे दिवसभर चिकट टॉफ्या दिल्या, त्यांचे दात भराभर किडले. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी जे सोसलं त्यातून ही गोष्ट जगाला कळली. निदान ती आपण वाया जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्याविषयी बोलते. बिस्कीट आपण का देतो? मुलाला भूक लागली म्हणून क्वचितच. सकाळी दारात आई वळते, मूल भोकाड पसरतं, तिची लोकल चुकत असते, शेजारी दार उघडून बघतात. हातात बिस्कीट दिलं की दोन मिनिटांत शांतता. आता तर कितीतरी जणींकडे कॅमेरे आहेत. आई ऑफिसातून मोबाइलवर बघते आणि मूल रडताना दिसलं की फोन येतो. आपल्या हाताखाली एक मावशी, समोर दहा-बारा मुलं, एक शी केलेलं, एक पडलेलं, एक दुसऱ्याला चावलेलं. अशा वेळी गोड म्हणजे आपला तिसरा हात असतो. मी हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पंधरा वर्षं मी हेच केलं. पण ज्याला आपण खाऊ म्हणतो ते पुष्कळदा मुलाला गप्प करायचं साधन असतं, हे आपण एकमेकींत तरी कबूल करू या. ते कबूल केल्यावरच मला दुसरे उपाय सुचायला लागले.

सकाळच्या रडण्याला मी आता हातात काम देते. लसूण सोलायला नाही, ते मोठ्यांचं. मटारच्या शेंगा, डब्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे. चिमटे तर रामबाण आहेत. पहिले आठ दिवस त्रास झाला, दोन पालकांनी तक्रारही केली. नवव्या दिवसापासून दारात कुणी बिस्कीट मागितलं नाही, कारण मिळत नाही हे मुलांना आपल्याआधी कळतं.

गोड बंद करा असं मी म्हणत नाही. आपल्या सणावाराला गोड नसेल तर सण कसला? पण आपलं ताट आठवून बघा. शिरा, श्रीखंड, पुरण, खीर, सगळं पानातच वाढलेलं असायचं, वरण-भाताबरोबर, चटणी-कोशिंबिरीबरोबर. गोड हा जेवणाचा भाग होता. जेवताना लाळ भरपूर सुटते, सोबत दुसरे पदार्थ असतात, शेवटी पाणी पितो, चूळ भरतो. म्हणजे दात आम्लात जातात ते एकदाच. दिवसभर पुडा फोडून एकेक काढून खाणं ही आपली जुनी रीत नव्हे, ती पाकिटांबरोबर आली. म्हणून माझ्याकडे नियम एवढाच: गोड असेल तर साडेबाराच्या ताटात. वाढदिवसाचं चॉकलेटही ताटात. गणपतीत मोदक असतो, तोही ताटात. मुलांना यात काही कमी पडल्यासारखं वाटलेलं नाही.

दहा आणि चारच्या खाण्याचं तेवढं बदलावं लागलं. नाचणीसत्त्व ताकातलं, मीठ-जिऱ्याचं. घावन, इडली, मुगाचं धिरडं, मऊ उसळ, उकडलेलं अंडं, दही, लांब कापलेली काकडी. केळं चारला, कापून, एका बैठकीत संपवायचं. दूध दिलं तर नुसतं, पेल्यातून, जागेपणी. नुसत्या दुधाचा दोष नाही, त्यातल्या साखरेचा आणि झोपेचा आहे. तहानेला फक्त पाणी. पाकिटातला ज्यूस फळाचा असला तरी साखरेचंच पाणी आहे. आणि एक सावधगिरी: शेंगदाणे, चणे, आख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात. दात वाचवायला जाऊन जिवावर बेतायला नको. वेफर्स आणि कुरकुरीत पाकिटं गोड नाहीत म्हणून चालतील असं मलाही वाटायचं. पण त्यांचा पिठूळ चिकटा दाढांच्या खाचांत तासन्‌तास बसतो आणि जंतूंना त्यातूनही साखर मिळते.

बाटली सोडवणं सगळ्यांत अवघड गेलं. एकदम काढली तर मूल झोपत नाही आणि ते झोपलं नाही तर बाकीचेही झोपत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. मी आधी साखर कमी केली, दर दोन दिवसांनी अर्धा चमचा. साखर संपली तेव्हा दुधात पाणी वाढवत गेले. तीन आठवड्यांत बाटलीत फक्त पाणी उरलं आणि मुलांनी ती आपण होऊन टाकली. वर्षाच्या पुढे हळूहळू पेल्याची सवय लावून दीड वर्षापर्यंत बाटली सुटावी, असं डॉक्टर सांगतात. बाटल्यांची जाहिरात करायलाच आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही मला अलीकडेच कळलं. चोखणी मधात बुडवून देणाऱ्या आज्या अजून भेटतात. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध मुळीच देऊ नये, त्यातून जिवाला धोका होणारा एक विषबाधेचा आजार होऊ शकतो.

अंगावरच्या दुधाविषयी जपून बोला. पहिल्या वर्षात आईचं दूध दातांना धोका देत नाही, उलट ज्यांना ते मिळतं त्यांचे दात बरे राहतात असंच दिसतं. वर्षानंतर रात्रभर मागेल तेव्हा पाजणं आणि दात न घासणं, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. आईला ‘दूध तोड’ असं आपण कधीच सांगायचं नाही. दात घास, एवढंच सांगायचं.

काही मुलांच्या बाबतीत आपल्याला डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. दिवस भरण्याआधी झालेली, जन्मतः वजन कमी असलेली मुलं यात येतात. त्यांच्या दुधाच्या दातांचं कवच पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत घडतं, ते कच्चं राहू शकतं. दम्याचा पंप घेणाऱ्या किंवा कायम तोंडानं श्वास घेणाऱ्या मुलांचं तोंड कोरडं पडतं. महिनोन्‌महिने गोड सिरप चालू असलेली मुलंही यातलीच. औषध थांबवायचं नाही, पण ते जेवणाच्या वेळी देता येईल का आणि नंतर पाणी पाजता येईल का, हे आईकडून डॉक्टरांना विचारून घ्यावं. ज्या मुलाच्या आईचे किंवा मोठ्या भावंडांचे दात किडलेले आहेत त्याच्याकडे विशेष लक्ष हवं. हे जंतू बाळ जन्माला येताना सोबत आणत नाही, ते घरच्यांच्या लाळेतून त्याला मिळतात. घास आधी आपल्या तोंडात घालून गरम आहे का बघणं, पडलेली चोखणी आपण चोखून परत बाळाच्या तोंडात देणं, एकाच चमच्यानं चौघांना भरवणं, हे आपण मायेनं करतो आणि त्यातून जंतू पोचतात. मी आता प्रत्येकाचा चमचा वेगळा ठेवते, देठाला रंगीत दोरा बांधून. सगळ्यांत मोठी खूण मात्र एकच: ज्याचा एक दात आधीच किडला आहे त्याचे आणखी किडणार, हे धरून चालायचं.

पैशांचाही संबंध आहे. ज्या घरात पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा हाच परवडणारा खाऊ असतो आणि दातांच्या डॉक्टरकडे गाल सुजल्याशिवाय कुणी जात नाही, तिथे कीड जास्त असते. पण फक्त तिथेच असते असं समजू नका. माझ्याकडे मोठ्या पगाराच्या घरांतली मुलंही काळे दात घेऊन आली आहेत. २००२-०३ साली देशभर जी पाहणी झाली तिच्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले असल्याचा अंदाज दिला आहे. हे दुखणं इतकं सर्वत्र आहे की आपल्याला ते दुखणं वाटेनासं झालं आहे.

‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल आणि पूर्वी स्वतःही म्हटलं असेल. मूल सहा-सात वर्षांचं झालं की पुढचे दात पडतात हे खरं. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तितकी वर्षं मुलानं त्यांच्यावर जेवायचं असतं. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांना जागा उरत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडली तर दुसरी येत नाही.

आता तुम्ही दर महिन्याला करू शकाल असं एक काम सांगते. त्याला अर्धा मिनिट लागतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मुलाला उजेडात घेऊन त्याचा वरचा ओठ अंगठ्यानं हलकेच उचला आणि हिरडीलगत बघा. कीड काळ्या खड्ड्यानं सुरू होत नाही. आधी हिरडीला लागून खडूनं ओढल्यासारखी पांढरट, निस्तेज रेघ दिसते. ती दिसली तर अजून वेळ गेलेली नाही. दात घासणं नीट झालं, गोडाच्या वेळा कमी झाल्या आणि डॉक्टरांनी फ्लोराइडचा (दातांचं कवच घट्ट करणाऱ्या क्षाराचा) लेप लावला तर ती रेघ तिथेच थांबू शकते, भरूनही येऊ शकते. तपकिरी झाली, खड्डा पडला, तर मात्र उपचारच. मी एका वहीत नाव, तारीख आणि ‘पांढरं’, ‘तपकिरी’, ‘ठीक’ एवढंच लिहिते आणि आईला त्याच संध्याकाळी सांगते. गेल्या चार वर्षांत सहा मुलांची पांढरी रेघ वेळेत सापडली.

रोजचं म्हणाल, तर जेवणानंतर आणि झोपेच्या आधी मी सगळ्यांचे दात घासते. स्वतः घासते, मुलाच्या हातात ब्रश देऊन ‘घास’ म्हणत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात त्या कामाला पुरत नाही. मुलाचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड छताकडे, मी मागून. दोन मिनिटं. पेस्ट फ्लोराइडची. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ‘थुंकता येत नाही तोवर पेस्ट नको’ असं आपण सगळ्याच समजत होतो, पण दाण्याएवढी गिळली गेली तरी ती मात्रा सुरक्षित धरली जाते. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) लिहिलेलं आहे का ते बघा. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या, फळांच्या वासाच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. यवतमाळ-चंद्रपूरकडची कुटुंबं फ्लोराइडला घाबरतात, कारण तिकडे काही गावांच्या पाण्यात ते मुळातच जादा असतं आणि दात डागाळतात. त्यांची भीती समजून घ्या, मात्र दाण्याएवढ्या पेस्टनं तसं होत नाही हेही सांगा. ब्रशांवर नावं घाला, उभे ठेवा, एकमेकांना टेकू देऊ नका.

आणखी दोन गोष्टी, ज्या एकटीच्यानं होणार नाहीत म्हणून सगळ्यांना मिळून मागते आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही मुलांच्या तपासणीची सरकारी योजना २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमात ठरावीक आजारांसाठी मुलांची तपासणी होते आणि दातांचे आजार त्यात आहेत. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होणं अपेक्षित आहे. आपल्या खासगी पाळणाघरातलं मूल मात्र या दोन्हीत बसत नाही. आई कामावर, मूल आपल्याकडे, अंगणवाडीत नाव नाही. आपण प्रत्येक नोडमधल्या, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या एकेका उपनगरातल्या, दहा-पंधरा जणींनी मिळून महापालिकेच्या आरोग्य विभागाला एक अर्ज द्यावा की अंगणवाडीत तपासणी पथक येईल त्या दिवशी जवळच्या पाळणाघरातली मुलंही तिथे आणू द्यावीत. अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे.

दुसरं म्हणजे, नेरूळ आणि बेलापूरमध्येच तीन दंत महाविद्यालयं आहेत. खारघर, कामोठ्यापर्यंत गेलात तर आणखी आहेत. मुलांच्या दातांचा विभाग तिथे असतो आणि उपचार बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतात. शिबिरासाठी त्यांना पत्र लिहू या. तिथे गेल्यावर आईनं एक प्रश्न जरूर विचारावा: कीड थांबवणारं चांदीचं औषध ह्या दाताला चालेल का? सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड असं त्याचं नाव. ते ब्रशनं लावतात, यंत्रानं कोरावं लागत नाही, टोचावं लागत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग त्यानं कायमचा काळा पडतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आया घाबरतात. नसेपर्यंत गेलेल्या दाढेला ते उपयोगी नाही. पण वेळेत गेलं तर कितीतरी मुलांची भूल टळू शकते.

ओमला भूल द्यावी लागली. दोन दाढा काढल्या, इतरांना स्टीलच्या टोप्या बसल्या. तीन तास त्याची आई आणि मी बाहेर बाकावर बसून होतो. ती एक शब्दही मला बोलली नाही, बोलली असती तर बरं वाटलं असतं. पंधरवड्यानं तो परत आला तेव्हा पहिल्यांदाच त्यानं माझ्या हातची पोळी कोरडी, वरणाशिवाय चावून खाल्ली आणि आणखी मागितली. आता तो दुसरीत आहे आणि वरचे दोन पक्के दात अर्धे बाहेर आले आहेत.

कुणाला हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर कोणत्याही दिवशी दुपारी पाऊण वाजता या, तेव्हा ब्रश चालू असतात. बेल मात्र वाजवू नका, धाकटी झोपलेली असतात. खाली आलात की फोन करा, मी दार उघडते.

तुमचीच,
पाळणाघरातली एक काकू,
कोपरखैरणे, नवी मुंबई